पाच नंबरच्या जेटवरचा हिरवा दिवा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी अट घातली. म्हणाले, "तुझ्या कामगार-पत्रकांसारखं लिहू नकोस. नोकरीतल्या गमती लिही. लोक फराळ करता करता वाचतात." अट मान्य. एक गंमत आधीच सांगून टाकतो, म्हणजे संपादकांचं देणं फिटेल.

सुरतेजवळ पलसाण्याच्या ज्या डाईंग मिलमध्ये मी होतो, तिथे दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. बॉयलरला हार, रंगाच्या जेटना हार, आणि कंट्रोलरचा नवा डबा आला त्या वर्षी त्यालाही हार. शेठच्या आई फार भाविक. फ्लॉपी घालायच्या फटीला त्यांनी तोंड समजून चिमूटभर कुंकू आणि पाच-सहा अक्षता आत सारल्या. दुसऱ्या दिवशी डबा बंद. मी चिमट्याने तांदूळ काढत बसलो, तर शेठ मागे उभा राहून म्हणतो, "आशीर्वाद छे भाई, बधुं नहीं काढतो." सगळं काढू नकोस, थोडा आशीर्वाद आत राहू दे.

झाली गंमत. ताटातली चकली संपली असेल तर पुढचं वाचा.

डाईंग मिल म्हणजे काय, हे हायवेवरून नाकाला रुमाल लावून जाणाऱ्याला कळत नाही, म्हणून दोन शब्द. जेट म्हणजे एक आडवं पोलादी पिंप. माणूस आत उभा राहील एवढं. त्यात रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यातून साडीच्या कापडाचा लांबलचक दोर गरगर फिरत राहतो. पॉलिस्टर हट्टी असतं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. एकशेतीस अंशांपर्यंत तापवल्याशिवाय ते रंग पित नाही. पाणी एवढं तापवायचं म्हणजे दाबाखाली ठेवावं लागतं. थोडक्यात, घरातलाच कुकर, फक्त आडवा आणि खोलीएवढा. रंग चढला की ऐंशीच्या खाली थंड करायचं, मग झाकण उघडून कापडाचा नमुना कापायचा. थंड होण्याआधी उघडलं तर काय होतं, ते कुकरवरून ज्याचं त्याने ओळखावं.

वाफ किती सोडायची, कधी बंद करायची, हे पूर्वी माणसं हाताने करायची. मग सुरतेत प्लेग आला. कामगार मिळेल त्या गाडीने गावी पळाला आणि त्यातला बराचसा लवकर परतलाच नाही. शेठने त्यातून धडा घेतला. मजुरांच्या वस्तीत गटार बांधावं, पाणी स्वच्छ द्यावं, असला धडा नव्हे. माणसं पळतात, डबा पळत नाही, हा धडा. आणि कंट्रोलर विकत आणला. त्याच्याबरोबर मी आलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मूळचा अमळनेर तालुक्यातला, राहायला सुरतेतलं नवागाम, वय बावीस.

आता माझं काम सांगतो. लोकांना वाटतं कॉम्प्युटर सगळीकडे एकाच वेळी बघतो. साफ खोटं. त्याच्या आत एकच प्रोसेसर होता आणि तो एका वेळी एकच काम करायचा. एक नंबरच्या जेटचं तापमान वाचायचं, वाफेचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा किंवा मिटायचा, झाकण उघडायला हरकत नाही असा हिरवा दिवा लावायचा किंवा विझवायचा, मग दोन नंबरकडे जायचं. नवागामच्या चाळीतला नळ डोळ्यांसमोर आणा. तोटी एक, हंडे आठ. पाणी सगळ्यांना मिळतं, पण कुणाचा हंडा कधी आणि किती वेळ तोटीखाली राहील, हे कुणीतरी ठरवावं लागतं. मिलमध्ये ते मी ठरवायचो. माझ्या नोकरीत याहून वेगळं काही नव्हतं.

डबा बनवणाऱ्या कंपनीने स्पष्ट लिहून दिलं होतं की तो चार जेटसाठी आहे. शेठ म्हणाला, आठ जोड. मी जोडले. कसे जोडले, ते सांगताना मला आजही थोडा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू?

मिलमधली हवा कधी स्थिर नसते. बॉयलरचा कोळसा ओला आला की वाफ पडते. दोन जेटनी एकदम वाफ ओढली की उरलेल्या सहांना कमी पडते. वाफ परत जोरात आली की सगळ्यांचं तापमान उसळतं. अशा वेळी आठही जेटकडे सारखंच लक्ष देणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून मी नियम केला. ज्याचं तापमान जास्त डगमगतंय त्याच्याकडे जास्त वेळा जायचं. जो सरळ चाललाय त्याच्याकडे कमी. आणि ज्याचं काम संपलंय, जो थंड होऊन थांबलाय, त्याच्याकडे वेळ उरला तर जायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चार जेटचा डबा आठ जेट चालवायला लागला आणि साडीवर डाग पडेना. कंपनीचा इंजिनियर बघायला आला तो तासभर डब्यासमोरून हलला नाही. शेठने पेढे वाटले.

त्यानंतर शेठ वापीला कुणा मित्राच्या कारखान्यात जाऊन आला आणि त्याने तिथे पडदा पाहिला. केबिनमध्ये बसल्या जागी रंगीत पट्टे वर-खाली होतात, कोणतं यंत्र किती तापलंय ते दिसतं. त्याला तसाच हवा. व्यापारी आले की दाखवायला.

पडद्याला हे सगळे आकडे कोण पुरवणार? तोच एक प्रोसेसर. म्हणजे हा नववा हंडा. आणि शेठचा हंडा रांगेत उभा राहत नाही.

मी विचारलं, "शेठ, पट्टे दहा-दहा सेकंदांनी हलले तर चालतील ना?"

"तो पछी जोवानी मजा शुं?" मग बघण्यात मजा ती काय!

पट्टे दर सेकंदाला हलायला लागले. मी कागदावर मांडून पाहिलं. साध्या दिवशी थांबलेल्या जेटसाठी थोडा वेळ उरत होता. वाफेने गोंधळ घातला, त्यातच पडदा चालू असला, तर उरत नव्हता. मी स्वतःशी म्हटलं, थांबलेल्या जेटचं बघायचंय काय? तो थांबलाय.

हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकणार नाही.

कारण मिलमध्ये थांबलेला जेट खरोखर थांबलेला नसतो, हे मला माहीत होतं. नमुना कापला, लॅबने शेड फिकी सांगितली, की डाईंग मास्तर थोडा रंग वाढवतो आणि बाजूच्या हातव्हॉल्व्हने वाफ सोडतो. डब्याच्या पॅनलमधून करायचं तर सगळा कार्यक्रम पहिल्यापासून चालवावा लागतो, तास जातो. हाताने वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. सगळ्या मिलमधले सगळे मास्तर हेच करतात. डब्याच्या लेखी मात्र तो जेट थंड, थांबलेला. एरवी डबा फिरत फिरत दोन-चार सेकंदांत तिथे पोचायचा, तापमान वाढलेलं बघायचा आणि हिरवा दिवा विझवायचा. पोचला तर.

आता भिकननाना. पाच नंबरच्या जेटवरचे जुने कामगार, आमच्या गावचे, नवागामला आमच्यापासून तिसऱ्या दारात राहणारे. मला मिलमध्ये त्यांनीच चिकटवलं. झाकण उघडण्याआधी नाना एक गोष्ट करायचे. बादलीत बोटं बुडवायची आणि झाकणाच्या गळ्यावर पाणी झटकायचं. भाकरी टाकण्याआधी बाया तव्यावर पाणी टाकून बघतात, अगदी तसं. थेंब चर्र करून नाचला तर थांबायचं. गप पडून राहिला तर उघडायचं.

मला त्याची लाज वाटायची. एवढा महागाचा डबा, प्रत्येक जेटवर दिवा, दिव्याच्याच तारेवर झाकणाची खिट्टी. हिरवा असल्याशिवाय खिट्टी सुटतच नाही. आणि हे पाणी उडवतायत!

"नाना, भाकर टाकनी शे का झाकनवर?" मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो.

"टाकसू ना! तू पीठ मळ." सगळे हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुना दिवा दिखस भो, पन बोलस का? पानी बोलस."

तेव्हा मी हसलो. आता विचार करतो तेव्हा कळतं की नानांचं थर्मामीटर माझ्याहून पक्कं होतं. त्यावर एकच खूण होती, शंभराची, आणि झाकणाजवळच्या माणसाला जीव वाचवायला तेवढीच खूण लागते. शिवाय त्याला रांग नव्हती. ज्याने पाणी टाकलं त्याला उत्तर तिथल्या तिथे.

पण व्यापारी यायचे, केबिनच्या काचेतून खाली बघायचे. मॅनेजर म्हणाला, हे गावठी प्रकार बंद करा, पार्टी काय म्हणेल? जेटवरची दाबाची काट्याची घड्याळं वाफेने पिवळी पडून आंधळी झाली होती, ती बदलायलाही तो नाही म्हणाला. पॅनल आहे ना! मग मी माझ्या हाताने मराठीत आणि हिंदीत सूचना लिहिली: "हिरवा दिवा लागल्यावर झाकण उघडावे. पाणी शिंपडू नये." खळ लावून पाच नंबरच्या खांबावर चिकटवली. पाचच का? कारण पाणी शिंपडणारे नाना तिथे होते.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. पाच नंबरचा लॉट झाला होता. नानांनी नमुना कापून लॅबला पाठवला, झाकण लावलं आणि जेवायला गेले. इकडे लॅबने सांगितलं, शेड फिकी. मास्तरने रंग वाढवला, पंप चालू केला, हाताने वाफ सोडली, आणि बॉयलरवाल्याला शिव्या घालायला निघून गेला, कारण त्या दिवशीही कोळसा ओला होता. वाफ आधी पडली, मग एकदम जोरात आली. बाकीचे सातही जेट उसळले. डबा सातांच्या मागे धावायला लागला. आणि शेठच्या केबिनमध्ये व्यापारी बसले होते. मीही तिथेच होतो. पट्टे कसे हलतात ते समजावून सांगत.

काचेतून मला खाली नाना दिसले. शेड पास झाली असेल असं समजून, जेवून कापड काढायला आले होते. आठ पंपांच्या आवाजात आपला पंप चालू आहे की शेजारचा, कुणालाच कळत नाही. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. त्यांचा हात बादलीकडे गेला. मग त्यांनी वर पाहिलं, काचेकडे. मी आणि पाहुणे उभे. नानांनी हात मागे घेतला.

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. शाबासकीची मान. पाहुण्यांसमोर माझा मान ठेवला म्हणून.

नानांनी खिट्टी ओढली.

पुढचं वर्णन मी पत्रकातही कधी केलं नाही, इथेही करणार नाही. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. हॉलची फरशी गुलाबी झाली होती, आणि ती रक्ताने नव्हे. त्या लॉटचा रंग राणी होता.

दुपारी मी कंट्रोलरच्या प्रिंटरवर त्या सकाळची नोंद काढली. प्रोसेसर केव्हा कुणाकडे गेला, ओळीने छापून येतं. पाच नंबरकडे तो तेवीस मिनिटं गेला नव्हता. तेवीस मिनिटांपूर्वीचा दिवा तसाच हिरवा लागून होता आणि खिट्टी तशीच सुटलेली. त्या तेवीस मिनिटांत पडद्याची ओळ मात्र एक सेकंद चुकलेली नव्हती.

चौकशीला सरकारी साहेब आले. चूक कामगाराची ठरली तर नानांना कामावरून कमी करणार, हे मॅनेजरने आधीच पसरवलं होतं. नाना तेव्हा भेस्तानच्या एका दवाखान्यात तोंडाला पट्ट्या बांधून पडलेले. त्यांच्या बाजूने बोलायला मिलमध्ये होतं कोण? मास्तर म्हणाला, आम्ही वर्षानुवर्षं हाताने वाफ देतो, कधी काही झालं नाही. ते खरंच होतं. मग मॅनेजर पुढे झाला. त्याचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"पुराना आदमी है साहब. हमेशा पानी छिड़क के देखता है. उस दिन नहीं देखा."

मी खांबाकडे बघितलं. सूचना गायब. चारही कोपऱ्यांना खळीचे डाग तेवढे उरलेले.

मी म्हटलं, "साहेब, पाणी शिंपडायला मनाई होती. सूचना मीच लिहिली होती."

"कुठाय सूचना?" साहेबांनी विचारलं.

"काल होती."

मॅनेजर हसला. मग मी खिशातून छापलेला कागद काढला आणि साहेबांसमोर ठेवला. तेवीस मिनिटं. त्यांना समजायला वेळ लागला. मी त्यांना तोटी आणि हंडे सांगितले, तेव्हा समजलं. साहेब सुरतेचेच होते, नळाची रांग त्यांनाही नवी नव्हती.

"हा क्रम कुणी लावला?"

"मी."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी आहे. चाराच्या डब्यावर आठ जोडायला लावणाऱ्याची आहे. आणि केबिनमधल्या पडद्याची आहे. तो नसता तर डबा पाच नंबरला पोचला असता."

साहेबांनी "माझी आहे" एवढं लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

अहवालाची प्रत पुढे मी पाहिली. निष्कर्ष असा: कामगार अनुभवी असूनही त्याने स्वतः खात्री केली नाही, आणि तंत्रज्ञाने निष्काळजीपणा केला. दोघेही दोषी. दोघेही कामावरून कमी. नानांवरचा ठपका माझ्या डोक्यावर घेता येईल, अशी माझी कल्पना होती. त्यांनी दोन ठपके केले. त्या अख्ख्या अहवालात "पडदा" हा शब्द एकदाही नाही.

नाना घरी आले तेव्हा भेटायला गेलो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. शेवटी मी सगळं सांगितलं. प्रोसेसर, क्रम, उरला तर वेळ. पाणी शिंपडण्याची टर उडवली तेही.

नानांनी विचारलं, "मंग मना नंबर उनाच नही?"

"नाही आला, नाना."

"आनि पडदाना?"

"दर सेकंदाला."

नानांच्या तोंडाची एकच बाजू हसली. दुसरीला आता हसता येत नाही. "नवागामना नळवर बी असंच व्हस. पुढारीना हंडा पयले." मग म्हणाले, "पन भो, तू तठे उभा व्हतास. माले वाटनं, पोऱ्यानी मान हलाई, म्हंजे बरोबरच व्हई."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी कामगारांच्या एका गटात जायला लागलो, पत्रकं लिहायला शिकलो. माझं पहिलं पत्रक एका ओळीचं होतं: "झाकण उघडण्याआधी पाणी शिंपडा." मराठी, हिंदी, गुजराती. ओडियात सांच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या एका कारागिराने लिहून दिलं. पलसाण्याच्या मिलच्या दारांवर पाळी सुटताना वाटलं. लोक वाचायचे, मान हलवायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. कुठल्या कुठल्या मिलमध्ये माणसं पुन्हा बादलीत बोटं बुडवायला लागली. मला वाटलं, नानांचं काहीतरी परत मिळवलं.

काही महिन्यांनी बातमी आली की आमच्या जुन्या मिलने पत्र्याची पाटी रंगवून घेतलीय. आठही जेटवर. झाकण उघडण्याआधी पाणी शिंपडा, हुकमावरून. माझंच वाक्य! मी धावत नानांकडे गेलो. जिंकलो, असं मला वाटत होतं.

नाना दारात बसले होते. डाव्या हाताने सुपारी कातरायचा प्रयत्न चालला होता. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगलं व्हयनं," ते म्हणाले. "आते पुढला जळना ते म्हनतीन, पाटी व्हती ना."

मी तिथेच खाली बसलो. बरोबर होतं. पडदा चालू, आठ जेट त्याच डब्यावर, थांबलेल्याकडे वेळ उरला तर. त्यातलं काहीही बदललं नव्हतं. फक्त पुढचा अहवाल आधीच लिहून ठेवलेला होता, आणि त्यातलं पहिलं वाक्य मी त्यांना फुकट दिलं होतं.

उरलेली पत्रकं मी नानांच्या चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी नवं लिहिलं. तेही छोटंच आहे: "शेठच्या केबिनमधला पडदा बंद करा. तो वेळ झाकणांना द्या."

हे पत्रक मी वर्षभर वाटतोय. अजून एकाही मिलने त्याची पाटी केलेली नाही.